हमखास बिबट्या

“तुम्हाला नक्की काय बघायचंय?”

बाई हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या आणि उत्तर ऐकता ऐकता समोरचा चहा दोन बोटांनी बाजूला सारायच्या. उत्तर पटलं तर कप परत जवळ यायचा. बहुतेक वेळा तो तिथेच थंड होऊन जायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईत मरोळला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं सहलींचं ऑफिस होतं. खाली दिवसभर पत्रा कापायचे, वर आम्ही लोकांना आफ्रिकेला पाठवायचो. मालक, बाई, मी आणि एक टेलेक्स मशीन. तिकिटं, व्हिसा, पिवळ्या तापाची लस हे माझ्याकडे. कुठलं अभयारण्य, किती दिवस, कुठल्या महिन्यात, ही सगळी आखणी बाईंची. बाई मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत होते. नाहूरला आईबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलंही त्यांना खपत नसे.

तोवर त्यांनी आफ्रिका पाहिलेली नव्हती. पण पुस्तकं वाचून आणि तिथून आलेल्या माणसांना खोदून खोदून विचारून त्यांनी ती पाठ केली होती. कळप नदी कधी ओलांडतात, पावसात कुठल्या रस्त्यावर गाड्या रुततात, सगळं. एका आठवड्यात पाच अभयारण्यं मागणाऱ्याला त्या शांतपणे सांगायच्या की मग तुम्ही गाडीची सीटच बघून याल. वाघ मागणारा तर दर खेपेला एक तरी असायचाच. तो गेला की बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, “आता ह्यांच्यासाठी वाघ विमानानं न्यायचा काय गं?”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामावर इतकं प्रेम की गिऱ्हाईक म्हणजे त्या कामातला अडथळाच वाटावा.

मग एका ग्रुपबरोबर मालकांनी आम्हा दोघींनाच केनियाला पाठवलं. विमानात बाई झोपल्या नाहीत. पहिल्या दिवशी माळावर जिराफ दिसले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाईंना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी चित्त्याची मादी दिसली. नुकतंच हरीण मारून धापा टाकत बसली होती, मागे गवतात दोन पिल्लं. बघता बघता सगळीकडून गाड्या आल्या आणि तिच्याभोवती कडं झालं. धूर, पेट्रोलचा वास, छतातून बाहेर आलेली डोकी. आमच्या गाडीत मुलुंडचे एक बिल्डर होते. मादी मान वर करेना, फोटो नीट येईना, म्हणून ते गाडीचा पत्रा थाप थाप बडवायला लागले. शेजारच्या गाडीतून कुणी शिट्टी मारली. मादी उठली, पिल्लांना घेऊन चालायला लागली. हरीण तिथेच पडून राहिलं. थोड्या वेळानं तरस आले आणि ते घेऊन गेले. बिल्डर म्हणाले, झकास, तरसही मिळाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नालीत हात घालावा लागल्यावर माणूस स्वतःच्या हाताकडे बघतो, तसं.

त्या संध्याकाळी आम्ही ज्या लॉजवर उतरलो, तिथे बिबट्या हमखास दिसतो अशी ख्याती होती. गच्चीवर सगळे जेवायला बसलो होतो. समोर ओढ्यापलीकडे एक झाड आणि झाडावर दिव्याचा झोत. बिबट्या आल्याची घंटा वाजली तशी सगळी पानावरून उठून कठड्याशी धावली. फांदीला बोकडाची तंगडी बांधलेली आणि बिबट्या ती ओढत होता. ओढताना झोताकडे एकदा बघायचा, परत ओढायचा. माणसं तोंडात घास धरून टाळ्या वाजवत होती. आपल्या पोराला खांद्यावर घेऊन एक आई म्हणत होती, बघ, बघ, कसा खातोय.

“काय बघतत मेले,” बाई पुटपुटल्या आणि खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले तर आतून ओकारीचा आवाज येत होता.

परत आल्यावर मालक भलतेच खूश. गिऱ्हाइकं तारीफ करत होती, दुसरी सहल मागत होती. बाईंनी नवी आखणी केली. एकच मोठं अभयारण्य, तिथेच मुक्काम, जनावराभोवती गर्दी दिसली की आपली गाडी मागे, आणि ते लॉज रद्द. मालक हो म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले.

मुलुंडला एका हॉलमध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी सभा ठेवली. पडद्यावर आमच्या केनियाच्या सहलीची चित्रं दाखवली. शेवटचं चित्र त्या फांदीवरच्या बिबट्याचं. मालक माइकवर म्हणाले, “आणि हा, मंडळी, हमखास.”

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठून पुढे गेल्या आणि मालकांच्या हातातून माइक घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “हमखास दिसतो, कारण तिथे रोज बोकडाची तंगडी बांधून ठेवतात. हे जंगल नाही. लग्नातल्या पंगतीसारखं आहे. तुम्हाला हे सांगितलं नाही तर मी फसवल्यासारखं होईल.”

मालकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता निम्मी माणसं उठून जातील.

मधल्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. चष्मा, सुती साडी, शाळेत शिकवत असाव्यात. अगदी नम्रपणे त्यांनी विचारलं, “पण जवळून दिसतो ना?”

हॉलभर हशा पिकला. मालकही हसले. सभा संपेस्तोवर सहल भरली होती.

बाई त्यानंतर ऑफिसला आल्याच नाहीत. एका रविवारी मी नाहूरला गेले. त्या मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होत्या, हात कोपरापर्यंत माखलेले. मी म्हटलं, बाई, चला ना परत. मालक काही बोलणार नाहीत.

“तो बोलायला हवा होता गं,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर ओरडला असता तरी चाललं असतं.” मग हातातल्या सुरीकडे बघत म्हणाल्या, “रक्ताची मला किळस नाही. हे बघतेस ना. मला टाळ्या सहन होत नाहीत.”

मला जेवायला थांबवलं. आफ्रिकेचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढू दिला नाही. पुढे त्यांनी कोकणात जाणाऱ्या बसगाड्यांच्या बुकिंगचं काम धरलं, असं कानावर आलं.

दुसरी सहल जाऊन आली. माणसांनी फोटो आणून मालकांच्या टेबलावर पसरले. सगळ्यांकडे तोच बिबट्या, तीच फांदी, तोच झोत. मालकांनी नव्या जाहिरातीसाठी त्यातला एक निवडला. छान होता, फक्त कोपऱ्यात तंगडी बांधलेला दोर दिसत होता. तेवढा कापून टाकू, म्हणाले, आणि माझ्याकडे कात्री मागितली.

कात्री बाईंच्या खणात असायची. मी जागची उठले नाही.