दोरीच्या दुसऱ्या टोकाला वहिनी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. त्याचा मालक रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पाच किलोमीटर पळायचा. आधी फूटपाथ, मग कालव्याकाठचा सिमेंटचा रस्ता, पूल, आणि पलीकडून डांबरी रस्त्याने परत. सगळी वाट पक्की. फक्त पुलाअलीकडे, रोपवाटिकेमागे, दोनेकशे पावलं कच्ची. तिथे झाडांची मुळं वर आलेली. सव्वीस वर्षांत हा नेम कधी चुकला नाही.

पन्नाशीत त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागला. नजर कडेकडेने विझत गेली. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. एका सकाळी तो फूटपाथवरच्या लोखंडी खांबावर आदळला, कपाळाला सहा टाके पडले. बायकोने त्याचे बूट माळ्यावर टाकले. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं कामही तिने हळूहळू आपल्याकडे घेतलं. तो गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलायचा आणि उरलेला वेळ खुर्चीत बसून राहायचा. वर्षभरात वजन वाढलं, बोलणं घटलं.

वरच्या मजल्यावर त्याची वहिनी राहायची. मोठा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची सगळी नोकरी झालेली, आणि निवृत्तीनंतर बोलायला कुणी उरलं नव्हतं. जन्मात कधी बससाठीही न धावलेल्या या बाईने एके दिवशी माळ्यावरचे बूट काढून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"भावजी, उद्या सहाला. मला पळता येत नाही आणि तुम्हाला दिसत नाही. बघू काय होतं ते."

दोघांनी मनगटांना हातभर दोरी बांधली आणि निघाले. बायको जीव मुठीत धरून दारात उभी राहिली. पहिला महिना ते नुसतं चालणंच होतं. वहिनी दिसेल ते सांगायची: कुणाच्या गॅलरीत चादरी वाळताहेत, कुठल्या दुकानाची पाटी बदलली, कुणाचा कुत्रा लठ्ठ झालाय. एकदा समोर खड्डा दिसल्यावर, तो कुणी आणि कशासाठी खणला इथून तिने सुरुवात केली, तोवर याचा पाय त्यात गेलासुद्धा.

"वहिनी, आधी खड्डा," तो उठत म्हणाला, "इतिहास मागाहून."

कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

चालण्याचं हळूहळू पळणं झालं. पण कच्च्या तुकड्यापाशी ते दर वेळी मागे फिरत. तिथे त्याला नेण्याची वहिनीची छाती होत नव्हती. तोही आग्रह धरत नसे; फक्त वळण्याआधी क्षणभर थांबायचा.

मग वहिनी महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेली. तेव्हा त्याने काठी घेतली आणि बायकोला सोबत चल म्हणाला. तिचे गुडघे दुखायचे, तरी ती गेली. रोपवाटिकेच्या कुंपणाशी ती बसून राहायची आणि तो कच्च्या वाटेवर एकेका मुळाशी वाकून ते हाताने चाचपायचा, पावलं मोजायचा, परत पहिल्यापासून सुरू करायचा.

वहिनी परतल्यावर पहिल्याच सकाळी ती सवयीने वळू लागली, तर दोरीला उलटा हिसका बसला.

"चला पुढे."

"भावजी, मुळं आहेत तिथे."

"अकरा आहेत. मी सांगेन तिथे पाय उचला."

त्या दोनशे पावलांत तो बोलत होता आणि ती गप्प होती. पुलावर पोचल्यावर तिने कठड्याला धरून दम खाल्ला. मनाला जरा लागल्यासारखं म्हणाली, "मग आता माझं काय काम?"

"वाट पाठ झालीय, वहिनी. पण वाटेवर आज काय चाललंय, ते मला कोण सांगणार?"

आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पूर्वी पाच किलोमीटरला अर्धा तास लागायचा, हल्ली पाऊण तास सहज लागतो. ओळखीचं माणूस भेटलं की वहिनी थांबते, आणि त्यामुळे त्यालाही थांबावं लागतं.