हॉलमधल्या दिव्याचा ड्रायव्हर

बत्तीस वर्षं मी नववी-दहावीच्या पोरांना वीज शिकवली. त्यामुळे आमच्या हॉलच्या छतातलं एलईडी पॅनेल लुकलुकायला लागलं, तेव्हा मिस्त्रीला बोलावणं मला कमीपणाचं वाटलं. बायकोने मला विजेच्या कामाला हात लावायची सक्त मनाई केलेली आहे, पण ती चार दिवस मलकापूरला बहिणीकडे गेली होती. मी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढून पॅनेल खाली ओढलं. अशा वेळी बहुधा बिघडतो तो ड्रायव्हर, म्हणजे पॅनेलमागची वायरला जोडलेली छोटी डबी, एवढं मला ठाऊक होतं.

दुकानदाराने विचारलं, जुना आणलाय का, त्यावर मिलिअँपिअर किती लिहिलंय? जुना घरीच राहिला होता. मी म्हटलं, अठरा वॉटचं पॅनेल आहे, छत्तीसचा द्या, जास्त टिकेल. आकडा बघून मग न्या, असं तो म्हणाला तर मला रागच आला. दिवा हवी तेवढीच वीज ओढतो, हे मी शिकवत आलो होतो आणि हा मला शिकवणार!

पण हा ड्रायव्हर ठरलेला प्रवाह ढकलतो, दिव्याला सोसो न सोसो. आमच्या पॅनेलला तीनशे मिलिअँपिअर पुरत होते, मी आणलेला सहाशे ढकलणारा होता. डबीवर ते स्पष्ट छापलेलं होतं. मी वाचलं नाही. वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, बटण दाबलं आणि हॉल लख्ख झाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो.

बायको परतली, तिला काही सांगितलं नाही. आठवड्याने आमच्याकडे भिशी होती. जिन्यातल्या सगळ्या बायका बसलेल्या असताना छतातून जळका वास आला आणि पॅनेल विझलं. हे दिवे वर्षापूर्वी ज्या मिस्त्रीने बसवले होते, त्याला बायकोने सगळ्यांसमोर फोन लावला आणि घर पेटायची वेळ आणलीत म्हणून झाडलं. मी आतल्या खोलीत पेपर धरून मूग गिळून बसलो.

शुक्रवारची नमाज उरकून तो आला. वायर ओढली तरी जोडावर ताण येऊ नये म्हणून तो जोडाच्या अलीकडे वायरीला एक सैल गाठ मारतो, ती त्याची सवय. इथे ती गाठ नव्हती. माझी टेप त्याने नुसती बोटाने चाचपली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, माल खराब लागला, चुकी झाली. स्वतःच्या पिशवीतलं नवं पॅनेल ड्रायव्हरसकट बसवलं आणि गेला. तोंड उघडायला मला तेवढा सगळा वेळ होता.

महिन्याभरात वरच्या मजल्यावर घराचं नवं काम निघालं. वायरिंग त्यालाच द्यायचं ठरलेलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर रोज जिन्यात रामराम घेतोय. मला जेवण गोड लागेना. शेवटी त्याच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. तो हातातली वायर सोलत राहिला.

"मला कशाला सांगताय सर? मला तवाच कळलंय की. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी वर जाऊन या. वर गेलो. घरमालकाला सांगितलं की ड्रायव्हर मी आणला, मी जोडला, जळलं ते माझ्यामुळे. तो हसला.

"सर, तुमचं मन लई मोठं हाय. गरिबाची चूक अंगावर घेताय व्हय?"

मी पुन्हा सांगितलं, डबीवरच्या आकड्यांसकट. त्याने माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि आपल्या बायकोला हाक मारून म्हणाला, बघ, अशी माणसं राहिली नाहीत आता. आत दुसरा मिस्त्री छताला भोकं पाडत होता. माझ्यासमोर चहा आला आणि मी तो प्यालो.