पाव्हण्याने निवडलेले स्पीकर

पाव्हण्याने कधी कानात इअरफोन घातला नाही. सांगलीच्या आमच्या हॉस्टेलमधली पोरं दात घासतानासुद्धा कानात बोंडं खुपसून फिरायची. हा मात्र कायम मोकळ्या कानांनी. मी एकदा माझे इअरफोन त्याच्यापुढे धरले, तर त्याने ते चिमटीत धरून परत दिले. म्हणाला, "नगं गड्या. कान बुजवलं की मागं कोण आलं ते कळत न्हाई."

मागे कोण येणार होतं? दहा बाय बाराची खोली, पाठीला भिंत. पण तो कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आठ महिने रानोमाळ फिरणाऱ्या, कळपाशेजारी उघड्यावर झोपणाऱ्या माणसांत वाढलेला. लांडग्याची चाहूल तिथे डोळ्यांना लागत नाही, कानांना लागते. ती सवय इंजिनिअरिंगची पुस्तकं वाचून जाणार नव्हती.

पाव्हणा हे नाव आम्ही ठेवलेलं. आला त्या दिवशी त्याने आपली बॅग कॉटखाली सरकवली आणि ती कधी रिकामी केलीच नाही. लागेल तो सदरा काढायचा, धुऊन वाळवून परत बॅगेत. कपाटाचा त्याच्या वाट्याचा कप्पा मीच वापरत होतो. "उद्या उठून जायचंय का तुला?" असं विचारलं की हसायचा. "सांगता येत न्हाई, फौजी." मी उंब्रजचा, घरचा ऊस आणि वडील सैन्यात, म्हणून त्याच्या लेखी मी फौजी.

शेवटच्या वर्षाला आम्ही दोघांनी मिळून टेबलावरचे स्पीकर घ्यायचं ठरवलं. मी फोनवर एक सेट हेरून ठेवला होता. मोठा वूफर, त्याला निळे दिवे, आवाज असा की तळमजल्यावरच्या पोरांनी वर यावं. पाव्हण्याने चित्र पाहिलं आणि टेबलाची मोकळी जागा वितीने मोजली. "दोन ईत हाय. हितं पुस्तकं ठिवायची का तुझा नगारा?" मग खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "खोली केवढी, त्यात आवाज केवढा! आवाजाला बी बसायला जागा लागती, गड्या. न्हाईतर तो भिंतीवर डोकं आपटत बसतो."

शनिवारी आम्ही बाजारात गेलो. दुकानदार पन्नाशीचे, हौशी. त्यांनी लग्नाच्या वरातीतलं गाणं लावलं आणि काचेचं कपाट थरथरायला लागलं. मी खूश. पाव्हणा म्हणाला, "काका, जरा बारीक करा की."

"अरे, मोठा केल्याशिवाय स्पीकर कळतो का?"

"मोठ्यानं समदीच चांगली बोलत्यात. बारीक बोलताना कोण खरं बोलतंय ते बघायचंय."

मग त्याने आपला फोन जोडायला दिला. गाणं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. तो मेंढरांना साद घालत होता, जिभेने टक टक करत होता, कुत्र्याला शिव्या देत होता, मध्येच कुठल्या ओढ्याचं पाणी गोड आणि कुठल्या ओढ्याचं मचूळ ते सांगत होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मलाही लाज वाटली.

पहिल्या सेटवर पाव्हणा म्हणाला, "ह्यात हिरीत पडल्यागत वाटतंय." दुसऱ्यावर म्हणाला, "ह्यात पडसं झालंय." तिसरा सेट दुकानदारांनी नाइलाजानेच खाली काढला. जेवणाच्या डब्याएवढ्या दोन लाकडी पेट्या, ना दिवे ना थाट. आवाज सुरू झाला. आमच्याकडे पाठ करून तो रॅकमधल्या वायरींची भेंडोळी बघत उभा राहिला. आवाज दुकानात कोणी येऊन उभं राहावं तसा, नेमका दोन पेट्यांच्या मधून येत होता.

"कुणाचा आवाज हा?" दुकानदारांनी विचारलं.

"वडील हायत."

दुकानदारांनी गिऱ्हाइकांकडे असं पाहिलं की त्यांचं हसणं थांबलं. पेट्या त्यांनी स्वतःच्या हाताने बांधून दिल्या.

परत येताना आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. खोकं मांडीवर धरून पाव्हण्याने सांगितलं. वडिलांना, आबांना, घशाचा आजार होता. पुढच्या आठवड्यात मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हे कळल्यावर तो मागच्या सुट्टीत कळपावर गेला होता आणि एक अख्खी दुपार फोन हातात धरून त्यांच्यामागे हिंडला होता. आबा आधी म्हणाले, "आता काय बोलू? जन्मभराचं बोलणं मेंढरांसंगट झालंय." मग हळूहळू फोनचं विसरले आणि रोजचंच बोलत राहिले.

"फोनात आबा पत्र्याच्या डब्यात बसल्यागत वाटत्यात," पाव्हणा म्हणाला. "मला ते बाहेर पायजेत."

मला माझा निळ्या दिव्यांचा सेट आठवला.

खोलीवर त्याने पेट्या मांडल्या तेही डोकं लावून. भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यापासून लांब, आपल्या कानांच्या उंचीला येतील अशा, आणि खाली जुन्या घोंगड्याचे दोन तुकडे, टेबलाची घरघर त्यात मिसळू नये म्हणून. आवाज इतका हलका ठेवायचा की पंखा बंद करावा लागे. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, रेक्टर सरांनी दार वाजवलं. कडक माणूस.

"खोलीत बाहेरचं कोण आलंय? पाहुण्यांना परवानगी नाही, माहीत आहे ना?"

"वडील हायत, सर," पाव्हणा उभा राहून म्हणाला.

सरांनी कॉटखाली, कपाटामागे नजर टाकली. मग पेट्यांकडे लक्ष गेलं. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सर माझ्या कॉटवर टेकले. आबा तेव्हा कुणाच्या तरी बांधावरच्या बाभळीच्या शेंगांचं कौतुक सांगत होते. सर ते संपेपर्यंत बसले, उठले आणि जाताना दार आपल्या हाताने हळूच ओढून घेतलं.

ऑपरेशन झालं. मी मिरजेला गेलो तेव्हा आबा खाटेवर बसले होते. गळ्याला श्वासासाठी केलेलं भोक, त्यावर पातळ कापड. बोलायला दवाखान्याने पाटी दिली होती, पण आबांना अक्षर येत नव्हतं. पाटी उशाला कोरीच पडलेली. काही हवं असलं की ते खाटेच्या लोखंडावर बोटाने टकटक करायचे, आणि पाव्हण्याची आई भरभर एकेक गोष्ट पुढे करायची, पाणी, चादर, पंचा, त्यांची मान हलेपर्यंत.

घरी सोडलं त्या दिवशी गावी जायच्या आधी आबा हॉस्टेलवर आले. बायकांना आत यायला मनाई, म्हणून आई गाठोडं घेऊन फाटकाशी बसली. आबा जिना चढून आले आणि पोराच्या कॉटवर टेकले. पाव्हण्याची बॅग भरलेली होती आणि या वेळी तिच्यात पुस्तकंही होती. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"मी संगट येतो, आबा. मेंढरं कोण हाकंल आता?"

आबांनी मान हलवली. नाही.

"नुसती मान हलवून काय व्हतंय? आई एकली काय काय करंल? परीक्षा पुढल्या वरसी बी देता येती."

आबांचे हात उठले, काहीतरी सांगायला धडपडले आणि मांडीवर पडले. त्यांना वाद घालायचा होता आणि वाद घालायला काही उरलं नव्हतं. मला वाटलं, निदान त्यांना बरं वाटेल, म्हणून मी स्पीकर सुरू केले.

स्वतःचा आवाज कानावर पडताच आबा दचकले. मग त्यांनी हात लांब करून एका पेटीवर तळवा ठेवला, जनावराचं पोट चाचपावं तसा. शेवटपर्यंत तो काढला नाही. रेकॉर्डिंगच्या शेवटी, पाव्हणा कॉलेजला परत निघाला तेव्हाचं एक वाक्य होतं. आम्ही ते कितीदा ऐकलं होतं आणि त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. "जा आता. परीक्षा दिल्याबिगर माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊ नगंस."

आबांनी झटकन माझ्याकडे पाहिलं आणि बोट हवेत गोल फिरवलं. परत. मी मागे घेऊन लावलं. परीक्षा दिल्याबिगर माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊ नगंस. पुन्हा बोट फिरलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पाव्हणा खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आबा उठले, बॅग उचलली, चेन ओढली आणि सगळी पुस्तकं, सगळे कपडे कॉटवर पालथे केले. रिकामी बॅग त्यांनी काखेत मारली आणि जिना उतरून गेले.

पाव्हणा पास झाला. पूर्वेकडच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीची नोकरी त्याने मुद्दाम मागून घेतली, कारण तिथून कळपाचा रस्ता जवळ पडायचा. खोली सोडली त्या दिवशी पेट्या घोंगड्यात गुंडाळून त्याने उराशी धरल्या होत्या. "येतो, फौजी," म्हणाला, आणि एस.टी.त बसला.

दोन वर्षांनी आबा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. घराच्या अंगणात कोकरं बांधलेली, आई उंबऱ्याशी बसलेली. चार माणसं बोलून उठून गेली आणि आम्ही तिघंच उरलो. पाव्हणा आत जाऊन पेट्या घेऊन आला. आईने ते बोलणं कधी ऐकलं नव्हतं. तिला त्या दिवशी फाटकाशी बसावं लागलं होतं, आणि नंतर आबा असताना त्यांच्यासमोर ते लावायला याचा जीव झाला नव्हता.

"आई, आबांचा आवाज ऐकतीस?"

तिने पेट्यांकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

"तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे लेकरा. तुला त्यो लागतोय," ती म्हणाली. "दोन वरसं ते माझ्यासंगट न बोलता बोलत हुतं. समदं कळायचं मला. आता ह्यो आवाज ऐकला तर ते बोलणं मोडंल."

पाव्हण्याचा हात वायरीवरच थांबला. मग त्याने ती गुंडाळून ठेवली. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कोकरांना दूध पाजायला गेली. पाव्हणा तिच्या मागोमाग गेला. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. कोकरू कुणी धरायचं आणि बाटली कुणी लावायची, ते त्यांना कळत होतं.