सापाला पाय किती

मोहोपाड्याच्या कॉलनीत आम्ही राहायला गेलो तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सत्तर सालानंतरचा काळ. माझे मिस्टर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. दिवसभर थेंब मोजायचे आणि घरी आल्यावर शब्दही तसेच मोजून काढायचे. सासूबाई खालापूरकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आणि माझ्याकडे माहेरून आलेलं शिलाई मशीन होतं. त्या मशीनमुळेच मी ख्रिस्ती धर्मशास्त्रात ओढली गेले.

आम्ही बौद्ध. जग कुणी निर्माण केलं, पहिला माणूस कोण, असले प्रश्न आमच्या घरात कधी निघालेच नव्हते. नळावर पहिला नंबर कुणाचा, एवढाच पहिलेपणा आम्हाला ठाऊक.

कॉलनीत ख्रिस्ती घरं थोडी आणि जवळपास चर्च नाही, म्हणून ती सगळी मिळून क्लबच्या हॉलमध्ये नाताळ करायची. पुढाकार तिघांचा. आमच्या खालच्या मजल्यावर वसईच्या बाई होत्या, त्या कॅथलिक. स्टोअरमध्ये काम करणारे नगरचे काका प्रोटेस्टंट, त्यांचे वडील चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. आणि कारखान्याच्या दवाखान्यात केरळची नर्स होती. आपलं चर्च या दोघांच्याही चर्चपेक्षा जुनं आहे, हे ती आठवड्यातून एकदा तरी सांगायची.

त्या वर्षी काकांनी ठरवलं की येशूजन्माच्या आधी आदाम-हव्वेचा एक प्रवेश घ्यायचा. "तारणारा का यावा लागला, ते लोकांना कळायला नको?" सापाचे कपडे शिवायचं काम माझ्याकडे आलं आणि एका दुपारी तिघंही आमच्या घरी जमले. मी जुना हिरवा पडदा जमिनीवर पसरला, टेप गळ्यात घातला आणि म्हटलं, "नुसती लांब पिशवी शिवते, मागे शेपूट. चालेल?"

"आणि पाय?" काका म्हणाले.

"सापाला?"

"देवानं शाप दिला, पोटावर सरपटशील म्हणून. म्हणजे त्याआधी तो सरपटत नव्हता. पाय होते."

"बरं. किती काढू?"

काका विचारात पडले. तेवढ्यात वसईच्या बाई म्हणाल्या, "पाय कशाला? पंख लाव. जळके पंख. तो साप नाहीच मुळी, तो सैतान. मोठा देवदूत होता, गर्व झाला, म्हणून स्वर्गातून ढकलला गेला."

"त्या गोष्टीत सैतानाचं नावसुद्धा नाही, बाई. साप म्हटलंय. सैतान त्याच्या आत शिरला होता, हे मलाही मान्य आहे. पण या पोरीला शिवायचंय ते बाहेरचंच ना?"

मी कापडावर खडूने एक पाय आखून घेतला.

नर्स मराठी शिकत होती आणि सगळं शांतपणे बोलायची. "आमच्यात आदाम-हव्वा लहान मूल सारखे. मोठे झाले नाही अजून. आई बोलते कपाट उघडू नको, मूल उघडतो. तसं घाई केलं. त्यांच्यामुळे आपण मरतो. पण गुन्हा त्यांचा. आपला नाही."

"आपला नाही कसा?" बाई चढ्या आवाजात म्हणाल्या. "मूल जन्मपाप घेऊनच येतं. उगाच का बाप्तिस्मा देतो आपण?"

"बाप्तिस्मा आम्ही पण देतो. पण पाळण्यातला मूल काय गुन्हा केला?"

त्याच वेळी बाईंच्या रांगत्या नातवाने माझा खडू तोंडात घातला.

"बघा!" बाई म्हणाल्या. "हे त्याला कुणी शिकवलं?"

नर्सने बोट घालून खडू बाहेर काढला. "हे पाप नाही. कॅल्शियम कमी आहे."

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "पन मानूस आला कुठनं, ते सांगा की."

"मातीतून," काका म्हणाले. "देवानं स्वतःच्या हातानं घडवला."

"आमचे नवे फादर म्हणतात, शरीर माकडातून आलं असलं तरी हरकत नाही," वसईच्या बाई म्हणाल्या. "आत्मा देवानं घातला की झालं."

काकांनी चष्मा काढला. "माकड? फादर असं म्हणाले?"

"हरकत नाही असं म्हणाले. माकड होतं असं नाही म्हणाले."

सासूबाईंना माकडात रस नव्हता. त्यांचा जीव सापात अडकला होता. "आमच्या बुद्धाकडंबी असाच एक भुलवनारा आला व्हता. मार. झाडाखालीच. पोरी घेऊन आला, सैन घेऊन आला. बुद्धानं त्याच्याकडं बघलंबी नाय. तुमच्या बाईनं बोलायलाच नको व्हतं त्याच्याशी."

तिघांनीही मान डोलावली. त्या दुपारी तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

शेवटी मी चार पाय आणि दोन छोटे पंख लावले. शाप मिळताच पाय गळून पडावेत म्हणून ते प्रेस बटणांवर बसवले. आदाम-हव्वेसाठी अंजिराची पानं हवी होती, ती कुठून आणणार? सासूबाईंनी पळसाची पानं मागवली आणि पत्रावळ लावतात तशी बांबूच्या चोयांनी टोचून दोन झगे तयार केले. फळावरून पुन्हा वाद झाला. बाईंना सफरचंद हवं होतं. काका म्हणाले, शास्त्रात नुसतं फळ आहे. नर्स म्हणाली, आमच्या गावातली म्हातारी माणसं केळं सांगतात. कॉलनीमागच्या झाडाला पेरू लागले होते, म्हणून पेरू ठरला.

राहिला साप. एकही ख्रिस्ती माणूस सैतान व्हायला तयार होईना. नातेवाईक काय म्हणतील, मुलीच्या स्थळाला काय सांगायचं, अशी एकेकाची कारणं. मग काकांनी माझ्या मिस्टरांना विचारलं. ते "चालेल" म्हणाले. त्यांना कुणी काहीही विचारलं की ते तेच म्हणायचे.

पण एकदा हो म्हटल्यावर त्यांनी ते काम लॅबसारखं घेतलं. तिघांच्याही घरी जाऊन त्यांनी विचारलं, "मी नक्की कोण आहे?" तीन उत्तरं मिळाली. ती त्यांनी वहीत लिहून घेतली आणि मला म्हणाले, "निष्कर्ष निघत नाही."

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी चार वाजता हॉल भरला. सगळ्या जातीधर्माची माणसं आली होती, कारण कॉलनीत दुसरी करमणूक नव्हती. पडद्यामागे माईक घेऊन काका देवाच्या आवाजात बोलत होते. हव्वा म्हणजे बाईंची मुलगी. आदाम म्हणजे टाइम ऑफिसमधला क्लार्क. रविवारीही त्याची पाळी होती, ती संपवून तो थेट हॉलवर आला होता आणि सकाळपासून जेवला नव्हता.

मिस्टर चार कापडी पाय हलवत स्टेजवर आले. हातात पेरू. हव्वेसमोर उभे राहिले आणि पाठ केलेलं वाक्य विसरले. मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "हव्वे, मी साप आहे. आतून सैतान असण्याची शक्यता आहे. याबाबत मतभेद आहेत."

"मतभेद नाहीत!" विंगेतून वसईच्या बाई ओरडल्या.

"आहेत!" माईकवरून देव म्हणाला.

हॉल हसायला लागला. मिस्टरांना हसू कशाचं ते कळेना. त्यांनी पेरू पुढे केला. "हे खा. खाल्लंस तर डोळे उघडतील."

हव्वेने हात पुढे केला आणि पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. "घेऊ नको गं पोरी! तो माझाच पोर हाय, पन आज त्याचं आयकू नको!"

हव्वा बावरली. तिने सासूबाईंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला नको."

तिने तो पेरू घेतला आणि खाली ठेवून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी तर जरा जास्तच.

आता पुढे काय करायचं, कुणालाच कळेना. पाप झालंच नव्हतं. पडद्यामागे माईक नुसता गुणगुणत होता. हव्वा पानं सावरत उभी, साप चार पायांवर उभा. आणि तेवढ्यात आदामाने वाकून पेरू उचलला आणि कचकन चावला. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"याला मी काही सांगितलं नव्हतं," साप म्हणाला.

देवाला बोलणं भाग होतं. "आदामा, तू ते फळ का खाल्लंस?"

आदामाने म्हणायचं होतं, हिनं दिलं. त्याने हव्वेकडे पाहिलं.

"मी नाही दिलं!" ती म्हणाली.

"भूक लागली होती," आदाम तोंडातल्या पेरूसकट म्हणाला.

माईकवरून देव दोनदा नुसताच खाकरला. मग काकांनी कसाबसा सापाला शाप दिला, जरी त्याचा काही संबंध उरला नव्हता. मिस्टरांनी एकेक पाय काढून टाकला. चौथ्याचं बटण काही सुटेना. तो ओढता ओढता अंगावरचा हिरवा पडदाच मागून टरकला, आणि ते एका पायाने, पाठ सांभाळत, उलटे उलटे विंगेत गेले.

येशूजन्माचा भाग मात्र व्यवस्थित झाला. नंतर चहाला नर्स सगळ्यांना सांगत होती, "मी बोलले ना, मूल होतं. भूक होतं." बाई मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि आपली बाजू पडली की उभी राहिली, याचा त्यांना अंदाज येत नव्हता. पुढे त्यांनी वसईला जाऊन फादरांना सगळं सांगितलं, तर फादर म्हणे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

काका मात्र चहाला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. प्रवेशाचा खेळखंडोबा आमच्या घराने केला, हे मला डाचत होतं. मी डब्यात थोडं गोड घेऊन त्यांच्याकडे गेले. ते खिडकीशी बसले होते.

"काका, माफ करा. सासूबाईंना काही कळत नाही. नाटक आहे हे त्या विसरल्या."

"त्यांचं काही चुकलं नाही, मुली," ते म्हणाले. "मी वेगळ्याच विचारात आहे. वडील उपदेश करायचे, तेव्हा त्या जागी आवाज चढवायचे. तू का खाल्लंस! आम्ही मुलं बाकाखाली लपायचो. मलाही वाटायचं, देव तिथं रागावूनच बोलला असणार. त्या दिवशी मी तसाच आवाज लावायला बसलो होतो. आणि तो पोरगा म्हणाला, भूक लागली होती. माझ्या तोंडून रागाचा शब्दच निघेना."

"मग काय म्हणावंसं वाटलं?"

"म्हणावंसं वाटलं, अरे, मग आधी सांगायचं ना."

आतून काकू म्हणाल्या, "दोन दिवस हेच चाललंय. त्यांना म्हणावं, आता जेवून घ्या."

आणि काका उठून हात धुवायला गेले.