फ्यूज न उडणारं घर

"ताई, तुमी एवढंच म्हना, वायरिंग ठनठनीत हाय. बाकी काय बोलू नका."

आण्णांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पलीकडे पुण्याहून त्यांची मुलगी प्राजक्ता बोलत होती. मी अजून पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. श्रीरामपुरात माझं ऑफिस आहे, लायसन्स माझ्या नावावर आहे. तरी नव्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्टर मागून येतायत का?" मी सांगते, "मिस्टर शाळेत भूगोल शिकवतात. बोलवू का?" मग चहा येतो आणि काम सुरू होतं.

आण्णा म्हणजे पुणतांब्याचे ऊसवाले शेतकरी. बंगला त्यांनी ऐन उमेदीत बांधलेला, भक्कम स्लॅबचा. प्राजक्ता एकुलती एक. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायला हवं. आण्णांच्या बायकोनं, सिंधूकाकूंनी, डिंक, अळीव, खारीक सगळं आणून ठेवलं होतं. आणि पोरीनं फोनवर साफ सांगितलं होतं, "आई, त्या वायरिंगच्या घरात मी बाळ घेऊन येणार नाही. आधी कुणाकडून तरी तपासून घ्या, नाहीतर मी इथेच राहते. सासूबाई करतील माझं."

सासूबाई करतील हे ऐकून काकूंना रात्रभर झोप नव्हती. आण्णांना मात्र वायरिंगचा अपमान जास्त लागला होता. त्यांनी मला तपासायला बोलावलंच नव्हतं, साक्ष द्यायला बोलावलं होतं.

मी मोबाईल घेतला. "प्राजक्ता, मी आत्ताच आलेय. बघते आणि मग खरं काय ते सांगते."

आण्णांचा चेहरा पडला. "एवढं एक वाक्य बोलायला काय झालं हुतं?"

"आण्णा, मी खोटं बोलत नाही. चहा मात्र घेते."

काकूंना हसू आलं. त्या आत जाता जाता ओरडल्या, "मिक्सर!" त्याबरोबर आण्णांनी उठून टीव्ही बंद केला, पंखाही बंद केला. मग स्वयंपाकघरात आलं-वेलची वाटायचा घरघराट झाला. मी बघतच राहिले.

"हे काय हो?"

"शिस्त," आण्णा म्हणाले. "मिक्सर चालू केला की लाईट बारीक व्हत्यात. म्हनून आधी आवाज द्यायचा. मोटर चालू असली तर फ्रीज बंद. आमच्या घरात समद्यांना ठाऊक हाय. पावण्यांना सुदिक."

शिस्त पुढेही होती. बाथरूमचं बटण काकू लाटण्यानं दाबायच्या. हातानं दाबलं तर झिणझिण्या येतात, लाकडानं येत नाहीत. ते लाटणं खास त्याच कामाचं, खिळ्याला टांगलेलं, पोळ्यांना दुसरं. फ्रीजच्या वायरीला प्लगच नव्हता. दोन उघडी टोकं भोकात घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या. दिवाणखान्यातला बोर्ड गरम लागत होता. "हिवाळ्यात बरा वाटतो," असं आण्णांचं मत.

आता हे शास्त्र साध्या भाषेत सांगते. भिंतीतल्या तारेवर रबराचं किंवा प्लास्टिकचं आवरण असतं. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं, तडकतं. मग वीज नको तिथे, ओल्या भिंतीत, बटणात, नळात झिरपायला लागते. बोर्ड गरम होणं, जळका वास, दिवे मंदावणं, हाताला झिणझिण्या, ही सगळी तिची हाक मारायची तऱ्हा. शिवाय घर बांधलं तेव्हा चार दिवे आणि दोन पंखे होते. आता त्याच तारांवर फ्रीज, मिक्सर, मोटर, वॉशिंग मशीन. बैलगाडीत उसाची ट्रॉली भरल्यासारखं.

हे सगळं मी आण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हुकमाचं पान टाकलं.

"ताई, तुमचं समदं बराबर. पर मला एक सांगा. वायरिंग खराब असती तर फ्यूज उडला असता का न्हाई?"

"उडायला पाहिजे."

"आमचा फ्यूज कवाच उडत न्हाई! शेजाऱ्यांचा उडतो, सरपंचांचा उडतो. आमचा? एकदा बी न्हाई. लावा पैज."

इतकी जुनी तार, इतका लोड आणि फ्यूज उडत नाही? ही काही आनंदाची बातमी नव्हती.

"मेन स्विच बंद करा," मी म्हणाले, "आणि तो किटकॅट काढून दाखवा." किटकॅट म्हणजे चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज. त्यात एक बारीक तार असते. लोड वाढला की ती वितळते आणि वीज बंद पडते. तिचं सगळं काम म्हणजे वेळेवर जळणं.

आण्णांनी फ्यूज काढून ऐटीत माझ्या हातावर ठेवला. आत चांगली जाडजूड तांब्याची तार, पीळ घालून बसवलेली. तिच्यावर अख्खी पिठाची गिरणी चालली असती.

"ही कुणी टाकली?"

"मीच! शेतातल्या डीपीवर, त्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, हीच टाकतो आमी. तिथं बारीक तार टिकतीय व्हय? पानी धरायच्या टायमाला फ्यूज गेला तर पिकाचं वाटोळं. म्हनलं घराला बी तीच बरी. मजबूत काम."

मी कपाळावर हात मारला. डीपीवरसुद्धा हे करू नये, पण तो तंटा नंतरचा. "आण्णा, तुम्ही वस्तीवर कुत्रा पाळलाय ना? तो रात्री भुंकतो म्हणून त्याच्या तोंडात फडकं कोंबलं, तर वस्तीवर चोर येत नाहीत असं म्हणाल का?"

आण्णा माझ्या हातातल्या फ्यूजकडे बघत राहिले.

"आता प्राजक्ताची खोली दाखवा."

बाळंतिणीची खोली काकूंनी सजवून ठेवली होती. खाट भिंतीला लावलेली, शेजारी पाळण्याची जागा. खाटेच्या उशाशी लाकडी बोर्ड. मी स्क्रू काढले आणि बोर्ड उलटा केला. मागची बाजू काळीठिक्कर. लाकडाचा चक्क कोळसा झाला होता. तार बोटात धरली तर आवरण पापडासारखं मोडलं.

मग मी मेगर लावला. आवरण अजून वीज धरून ठेवतं की नाही, हे सांगणारं हे यंत्र. हँडल फिरवायचं आणि काटा बघायचा. काटा शून्यापाशी लोळत पडला.

काकूंनी त्या काळ्या लाकडावरून बोट फिरवलं, मग खाटेकडे पाहिलं. "अगं बाई गं! हितं निजवनार हुते मी लेकराला." त्यांना रडूच आलं. आण्णांकडे वळून म्हणाल्या, "आवो, आता एक अक्षर बोलू नका. ताई म्हनतील तसं करायचं."

आण्णांनी खरंच एक अक्षर काढलं नाही. खिशातून मोबाईल काढला आणि मला दिला.

"प्राजक्ता," मी म्हणाले, "तुझं बरोबर आहे. सगळी वायरिंग बदलावी लागेल. पण तू यायच्या आत होईल."

"आण्णा ऐकतील?"

"ऐकलंय. गप्प बसलेत."

"गप्प?" ती म्हणाली. "ताई, त्यांची तब्येत बरी आहे ना?"

आण्णांची एकच अट होती. गेल्या दिवाळीला रंग दिलाय, भिंत फोडायची नाही. मीही अडून बसले नाही. भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारली, तिच्यातून नव्या तांब्याच्या तारा ओढल्या. अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग केलं. किटकॅटच्या जागी आपोआप बटण पाडणाऱ्या ब्रेकरची पेटी बसवली आणि तिच्यात ईएलसीबी टाकला. हा एक चोख हिशेबनीस असतो. घरात गेलेली वीज तेवढीच परत आली का, हे बघत बसतो. वाटेत कुणाच्या अंगातून किंवा भिंतीतून थोडी जरी झिरपली, की फटकन सगळं बंद. काकूंनी मिक्सर लावला, दिवे जागचे हलले नाहीत, तरी सवयीनं आण्णा टीव्ही बंद करायला उठलेच.

प्राजक्ता आली. श्रीरामपूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. लेक-नात घरी आल्या आणि दुसऱ्याच सकाळी आण्णांचा फोन. आवाज चढलेला.

"ताई, तुमची पेटी बोगस हाय! सारखं बटन पाडती. जुन्या वायरिंगनं असा तरास कवा दिला न्हाई!"

"कधी पडतं बटण?"

"आता बघा, नातीच्या आंघोळीला पानी तापत ठिवलं. बंबाचा धूर नको म्हनून बादलीत हीटर टाकलाय. बटन वर केलं की फाट! परत केलं, परत फाट! मी म्हनलं, बटनाला दोरीनं बांधूनच टाकतो."

"आण्णा, दोरी खाली ठेवा!" मी ओरडलेच. "हीटरचा प्लग काढा. आधी प्लग काढा, मग पाण्याजवळ जा. तो हीटर फुटलाय, पाण्यात करंट उतरतोय. पेटी बोगस नाही, पेटी तुम्हाला थांबवतेय."

फोनवर प्लग ओढल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, मोबाईल त्यांनी घेतला होता.

"ताई, वायरिंगच्या कामापास्नं माळ्यावर हुता, पर आधी हाच हीटर आमी रोज वापरायचो. पानी किती तापलं ते मी हात घालूनच बघते. मागं बी हाताला मुंग्या यायच्या. मला वाटायचं संधिवात हाय. किती दिवस तेल चोळतीय मी."

पलीकडे बाळ आंघोळीला उशीर झाला म्हणून जोरजोरात रडत होतं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

आण्णांनी तो हीटर कोयत्यानं तोडून उकिरड्यावर टाकला. बंब परत आला, धुरासकट. काकूंचा संधिवात औषध न घेता बरा झाला.

आता कुठल्याही जुन्या घरी गेले आणि घरमालक छाती ठोकून म्हणाला, "आमच्या वायरिंगला काही झालेलं नाही," की मी टेस्टर खिशातच ठेवते. आधी विचारते, घरात कुणाचा हात दुखतो का.