जांभळा ठिपका

शिक्कामावशी मोठी तापट. मुलांच्या वाचनालयात पुस्तकातल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का ती असा दाणकन मारायची, की शेजारच्या खोलीत पेपर वाचणारे आजोबा दचकायचे. म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. तिला ते आवडायचं, पण तसं चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ!

तिचा सगळा जीव खिडकीजवळच्या एका कपाटात. तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला जन्मापासून कमी ऐकू येतं, कानामागे यंत्र असतं. लहानपणी त्या भाचीने एकदा विचारलं होतं, "मावशी, गोष्टीतल्या सगळ्याच मुलांना कसं गं ऐकू येतं?" मग काय, मावशी पेटलीच हट्टाला. कानाला यंत्र लावणारी, चाकाच्या खुर्चीत बसणारी, अंगावर कोड असलेली, एकट्या बापाने वाढवलेली, घरी निराळीच भाषा बोलणारी, अशा मुलांच्या गोष्टी तिने हुडकून हुडकून आणल्या. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर स्वतःच्या हाताने जांभळा ठिपका चिकटवला आणि कपाटावर पाटी लावली, 'वेगळी मुलं'. मुख्य ग्रंथपाल, म्हणजे साहेब, उद्घाटनाला दोन शब्द बोलायला आले आणि तासभर बोलले.

आणि मग? मग काही नाही. त्या कपाटातलं पुस्तक घरी न्यायला कुणी काउंटरवर आणीचना. परके राहू देत, भाचीसुद्धा नाही! मावशीच्या ते फार जिव्हारी लागलं.

वर्ष संपता संपता तपासणी आली. साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम, बाई. शिक्का नाही ते पुस्तक तळघरात. आणि असली पुस्तकं पुन्हा मागवायची नाहीत."

तळघरात गेलेलं पुस्तक परत वर आल्याचं मावशीने कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी तोंड पाडून तिने खोकी आणली आणि कपाट रिकामं करायला घेतलं. पहिलंच पुस्तक उचललं, तर कोपरे मऊ पडलेले, पानापानावर बोटांचे डाग. दुसऱ्याची शिवण उसवलेली. चिठ्ठ्या मात्र कोऱ्या करकरीत! आणि हे काय, बऱ्याच पुस्तकांच्या पाठीवरचे ठिपके कुणीतरी खरवडलेले. मावशीचं डोकं फिरलं. तेवढ्यात कपाटामागून खर्र खर्र आवाज आला. तिकडची जागा काउंटरवरून दिसत नसे. वाकून पाहते तर भाची! मांडीवर पुस्तक, नखात जांभळा कागद. चोर मुद्देमालासकट सापडला.

"अगं कार्टे! तू?"

भाचीला ऐकूच गेलं नाही. निवांत वाचायचं म्हणून यंत्र काढून ठेवलेलं. मावशी पुढ्यात जाऊन उभी राहिली तशी ती दचकली. तिने यंत्र कानाला लावेपर्यंत मावशीचा राग निम्मा उतरला.

"रागावू नकोस ना! आम्ही सगळ्या मैत्रिणी इथे मागे बसून वाचतो. मस्त आहेत गं गोष्टी."

"मग घरी न्यायला काय धाड भरली?"

"ठिपक्याचं पुस्तक घेतलं की रांगेतली मुलं विचारतात, तुला काय झालंय?" भाचीने मुखपृष्ठावरच्या, कानाला यंत्र लावलेल्या मुलीवर बोट ठेवलं. "आणि हिला कुठे काय झालंय? ही चोर पकडते, मावशी! हिला चोर-पोलिसांच्या कपाटात का नाही ठेवलंस?"

मावशीने कपाळाला हात लावला. अख्खी नोकरी पुस्तकं लावण्यात गेली, आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये?

"चुकलंच गं माझं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मग ती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तडक साहेबांच्या खोलीत. "ही न वाचलेली पुस्तकं वाटतात तुम्हाला?" साहेबांनी पानं उलटली, मान खाजवली. "बरं, पुढच्या तपासणीपर्यंत राहू द्या. तेव्हाही चिठ्ठ्या कोऱ्या दिसल्या, तर मात्र मी ऐकायचो नाही हं."

मावशी-भाचीने मिळून ठिपके ओल्या फडक्याने काढले, पाटी उतरवली. चोर पकडणारी गेली चोर-पोलिसांत, चाकाच्या खुर्चीतला गेला भुताखेतांत, कारण त्याच्या गोष्टीत भूत होतं. पुढचे काही दिवस मावशी आल्यागेल्याच्या हाताकडेच बघत होती. पुस्तकं जागची हलेनात.

अखेर एका दुपारी गुडघा फुटलेली एक गुटगुटीत मुलगी धापा टाकत काउंटरवर आली. "मावशी, हिचा दुसरा भाग आहे?"

"कुणाचा?"

"अहो, त्या चोराला गच्चीत कोंडते ना, तिचा! मैत्रिणीने मला इथेच वाचून दाखवलं."

मावशीला राहवलं नाही. "कानाला यंत्र लावते, ती का?"

मुलगी विचारात पडली. "असेल. लाल बूट घालते बघा, ती!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. पण दुसरा भाग कपाटात नव्हता. शोधते तर तो रांगेतच, भाचीच्या हातात.

"आधी मी नेणार," भाची सगळ्यांदेखत म्हणाली आणि पुस्तक उघडून काउंटरवर ठेवलं. "मग तुला."

"लवकर वाच हां," गुटगुटीत मुलगी म्हणाली.

मावशीने शिक्का उचलला. शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या हातून पेपरच पडला.