झोपाळ्याची डावी दांडी

आज सकाळी झोपाळा पुसताना डाव्या दांडीवर गंज दिसला. चार बोटं रुंदीचा, बरोबर जिथे आमच्या ह्यांची मूठ असायची तिथे. उजव्या हातात पुस्तक आणि डाव्या हातात दांडी, अशी ह्यांची संध्याकाळ जायची. त्या मुठीने पोलादावरचा निकेलचा मुलामा केव्हाच झिजवला होता, पण उघडं पडलेलं पोलाद रोजच्या हाताने लखलखत राहायचं. आमच्या गावच्या खाऱ्या वाऱ्यालाही तिथे शिरकाव नव्हता. हे गेले, आणि गंज नेमका त्याच जागी आला.

दांडी उतरवून मुलामा देणाऱ्याकडे नेली. त्याने ती फिरवून पाहिली.

"आधी तेजाबात धुवायची, मग चाकावर घासून सपाट करायची. नव्यासारखी होईल, काकू."

"एवढा भाग तसाच राहू दे ना."

तो हसला. "किडलेला दात ठेवून बाकीचे घासता का? गंज तिथूनच आत खात जाईल. एक दिवस झोपाळ्यासकट खाली याल!"

खरंच होतं त्याचं. मुलामा दिला तर मूठ पुसली जाणार, नाही दिला तर गंज ती खाणार. माणूस गेला तरी त्याच्या खुणा आपल्यापाशी राहतात, असं मी आजवर किती जणांना समजावलं असेल. कशाच्या आधारावर?

दांडी तशीच परत आणून अडकवली. संध्याकाळी माझी जागा सोडून ह्यांच्या जागेवर बसले आणि गंजावर मूठ घट्ट आवळली. माझी मूठ लहान आहे. वर आणि खाली गंज उघडाच राहिला.